तारीख कोण देतं? दादरच्या एका शिवणकामाच्या दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दादर पश्चिमेला, प्लाझा सिनेमापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. खाली काउंटर आणि आरसा, वर पोटमाळ्यावर तीन मशिनी, इस्त्री आणि कटिंगचं टेबल. मालकीणबाई पन्नाशीला आलेल्या, राहायला भांडुपला. त्यांना आपण मेधाताई म्हणू. बाकीचीही नावं बदललेली आहेत आणि आकडे ढोबळ आहेत. घरात ब्लाऊज शिवता शिवता त्यांनी धंदा वाढवला, मग सासऱ्यांच्या ओळखीने हा गाळा भाड्याने मिळाला. तीन कारागीर, तिघेही पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर काम करणारे. त्यांत सलीमभाई सर्वांत जुने. काउंटरवर कविता, बारावी झालेली, हुशार आणि जरा फटकळ. हुक-काज आणि हातशिलाई जवळच्या चाळीतल्या दोन बायका घरी नेऊन करतात.

या धंद्याचं वर्ष पंचांगावर चालतं. श्रावणात मंगळागौरीसाठी शिवलेल्या नऊवाऱ्या, मग गौरी-गणपती, मग नवरात्र. नऊ दिवसांचे नऊ रंग सुरू झाल्यापासून ऑफिसात जाणाऱ्या बायकांना एकेका रंगाचा ब्लाऊज घटस्थापनेच्या आत हवा असतो. दिवाळी उरकते न उरकते तोच तुळशीची लग्नं लागतात आणि लग्नसराई सुरू. संक्रांतीला काळ्या साड्यांवरचे ब्लाऊज. एप्रिल-मे तर विचारूच नका. खरी उसंत काय ती आषाढात. मधे पितृपक्षाचा पंधरवडा येतो, त्यात नवं कापड शिवायला टाकायला बऱ्याच जणी कचरतात. ही गोष्ट पुढे कामाला आली.

मेधाताई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या अनंत चतुर्दशीनंतर. मागणी एकच: "मला टाइम मॅनेजमेंट शिकवा." त्याआधी त्यांनी पहाटे पाचला उठून पाहिलं होतं, डायरी ठेवली होती, मोबाइलवर कामांच्या यादीचं अ‍ॅप घेतलं होतं. भाच्याने पोमोडोरो सांगितलं होतं: पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विश्रांती. त्यावर त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. "सातव्या मिनिटाला गिऱ्हाईक दारात उभं राहतं. त्याला काय सांगू, थांबा, घंटा वाजू दे?"

अडचण

दिवस असा जायचा. सकाळी साडेनऊला भांडुपहून लोकल, गाडीतच व्हॉट्सॲपवर गळ्यांचे फोटो, "ताई, असा गळा होईल का?" दुकान उघडलं की कारागिरांना काम वाटायचं, आणि तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक. माप, ट्रायल, अल्टर, अस्तर कमी पडलं म्हणून हिंदमाताच्या कापडबाजारात माणूस पाठवणं, लटकन जुळलं नाही म्हणून रानडे रोडला स्वतः जाणं. कटिंगला हात लागायचा तो रात्री आठनंतर, गर्दी ओसरल्यावर. शटर खाली यायला साडेदहा. घरी जाऊन पुन्हा व्हॉट्सॲप. आणि इतकं करूनही ब्लाऊज वेळेवर मिळत नाही ही ओरड रोजचीच.

मेधाताईंचं निदान ठरलेलं होतं: माणसं कमी पडतात, अजून एक कारागीर हवा.

पहिल्या आठवड्यात आम्ही काहीही बदललं नाही. फक्त कविताने वहीत चार रकाने आखले: माप आणि नवं काम, पैसे, कारागिरांच्या शंका, आणि "झालं का?" ताईंना हातातलं काम सोडावं लागलं की त्या रकान्यात एक रेघ. आठवड्याअखेर "झालं का?" या रकान्यातल्या रेघा उरलेल्या तिन्ही रकान्यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरल्या. काही फोन, काही मेसेज, काही बायका प्रत्यक्ष येऊन उभ्या. एकाच ब्लाऊजसाठी तीन-तीनदा विचारणा होती.

दुसरी गोष्ट पोटमाळ्यावर जाऊन बसल्यावर दिसली. दुपारी बारा ते दोनच्या सुमारास एक मशीन हमखास बंद असायची. सलीमभाई वरून हाक मारत, "मॅडम, कटिंग दो, हाथ खाली बैठा है." ताई खाली आरशासमोर कुणाच्या तरी खांद्याचं माप घेत असायच्या. पीसवर काम करणाऱ्या माणसाचा हात रिकामा म्हणजे त्याचा रोजगार बुडाला. मग रात्री कटिंग सुटलं की तेच कारागीर उशिरापर्यंत बसायचे, घाईत शिवायचे आणि सकाळी अल्टरेशनं वाढायची.

म्हणजे हातांची टंचाई नव्हतीच. सगळं काम एका कात्रीतून जात होतं, ती कात्री फक्त मेधाताईंच्या हातात होती, आणि दिवसभर तीच कात्री सर्वांत जास्त वेळा खाली ठेवली जात होती. कटिंग रखडलं की ब्लाऊज उशिरा, ब्लाऊज उशिरा की "झालं का?", आणि "झालं का?"ला उत्तर देता देता पुन्हा कटिंग रखडायचं. यात मालकाच्या आळसाचा किंवा शिस्तीचा काही संबंध नाही. उलट मेधाताई जितक्या तत्परतेने फोन उचलायच्या, तितकं काम मागे पडायचं.

कोणते पर्याय होते

चौथा कारागीर ठेवणं हा पर्याय कागदावर स्वस्त दिसतो, कारण पीसवरच्या माणसाला पगार नसतो. पण ज्या दुकानात आहेत तेच हात रिकामे बसतात तिथे चौथा बसवून काय साधणार? शिवाय त्याला काम पुरवायचं म्हणून ताईंवरचा ताण वाढलाच असता. हा पर्याय सोडायला मेधाताईंना सर्वांत जड गेलं, कारण दोन वर्षं त्या हेच उत्तर धरून बसल्या होत्या.

कटिंग मास्टर ठेवणं हा खरा पर्याय होता. अडथळ्याची जागा तीच, तर तिथेच माणूस वाढवा. मेधाताईंच्या शंका मात्र रास्त होत्या. चांगल्या मास्टरला महिन्याचा ठरलेला पगार द्यावा लागतो, मग सीझन असो वा आषाढ. त्यांच्या दुकानाचं नाव फिटिंगवर आहे. दुसऱ्याच्या हाताचं कटिंग जुन्या गिऱ्हाइकाला पहिल्याच ट्रायलला कळतं. आणि मास्टर वर्षभरात गिऱ्हाइकं ओळखून दोन गल्ल्या पलीकडे स्वतःची पाटी लावतो, हे दादरमध्ये काही नवीन नाही. नवरात्र तोंडावर असताना नवा मास्टर आणून बसवणं हा जुगार झाला असता.

महिनाभर नवं काम घेणंच बंद करायचं, अशीही एक सूचना ताईंच्या यजमानांनी केली. ती वाटते तितकी वेडगळ नव्हती, पण वर्षाच्या कमाईतले सर्वांत चांगले आठवडे सोडून द्यायला गाळ्याचं भाडं परवानगी देत नव्हतं. दर वाढवावेत, म्हणजे गर्दी आपोआप कमी होईल, हे माझं म्हणणं ताईंनी तिथल्या तिथे फेटाळलं. "वेळेवर देत नाही आणि वर भाव वाढवले, असं बोलतील." त्या वेळी त्यांचं बरोबर होतं.

उरला तो पर्याय माणूस न वाढवता दोन गोष्टी करण्याचा: कटिंगचे तास राखून ठेवायचे, आणि तारीख देण्याचं काम ताईंच्या तोंडून काढून घ्यायचं. पहिली गोष्ट त्यांना लगेच पटली. दुसरीला त्या बराच काळ तयार नव्हत्या.

तारखेचा हिशेब

पितृपक्षातल्या एका सोमवारी, म्हणजे दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही सगळे मिळून रॅकवरची गाठोडी खाली काढली. प्रत्येकावर पावती होती, पण कुठलं कुठवर आलंय ते फक्त ताईंच्या डोक्यात. चार ढीग केले: कटिंग न झालेले, मशीनवर असलेले, हातशिलाईला गेलेले किंवा जायचे, आणि तयार. एकूण एकशे चाळीसच्या आसपास नग निघाले. त्यातले पस्तीस चक्क तयार होते. काहींना महिना उलटून गेला होता. त्या बायका दोनदा हेलपाटा घालून कंटाळल्या होत्या, आणि तयार झाल्यावर त्यांना कळवायला कुणाला सवड नव्हती. त्याच संध्याकाळी कविताने पस्तीस मेसेज पाठवले. निम्म्याहून जास्त कपडे आठवड्यात गेले आणि अडकलेले पैसे आले. सगळ्या प्रकरणात सर्वांत सोपा आणि सर्वांत पटकन फळलेला उपाय हाच.

उरले एकशे पाच. मागच्या महिन्याच्या पावत्या मोजल्या तर दिवसाला सरासरी आठ नग दुकानाबाहेर जात होते. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये गणिताने सिद्ध केलेला एक नियम आहे: आत अडकलेलं काम भागिले रोज बाहेर पडणारं काम, म्हणजे नव्या कामाला सरासरी लागणारा काळ. एकशे पाच भागिले आठ, म्हणजे तेरा कामाचे दिवस. सोमवार धरले तर पंधरा. आणि मेधाताई प्रत्येकीला काय सांगत होत्या? "आठ दिवसांनी या."

म्हणजे वायदा नंतर मोडत नव्हता. तो देतानाच मोडलेला होता. हा भागाकार पाटीवर मांडल्यावर ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "समोर बाई उभी असली की पंधरा दिवस तोंडातून निघत नाही हो."

काय केलं

म्हणून तारीख तोंडातून निघण्याऐवजी भिंतीवरून यावी असं ठरलं. काउंटरमागे महिन्याचा पांढरा बोर्ड लावला. राखीव वेळेत ताईंच्या हातून तीन तासांत दहा साध्या ब्लाऊजचं कटिंग होऊ शकत होतं, म्हणून प्रत्येक दिवसाला दहा घरं. त्यांतली आठच भरायची. दोन रिकामी: अल्टरेशन, आजारपण, वीज जाणं, आणि खरोखरीची अडचण यासाठी. साध्या अस्तराच्या ब्लाऊजला एक घर, प्रिन्सेस कट किंवा पाठीवर काम असेल तर दोन, शिवलेल्या नऊवारीला तीन. पहिलं मोकळं घर जिथे असेल तिथून हातशिलाईचे दोन दिवस पुढे मोजायचे, ती तारीख पावतीवर लिहायची. लिहिणार कविता. ताईंनी तारीख द्यायचीच नाही; गिऱ्हाइकाने विचारलं तर बोर्डाकडे बोट.

कटिंगसाठी सकाळी दहा ते एक ही वेळ धरली. इथे पहिला खरा पेच आला. घरी असणाऱ्या बायका नेमक्या अकरा ते एकमध्ये येतात, नोकरीवाल्या सहानंतर. सकाळी ताई खाली येणारच नाहीत तर माप कोण घेणार? कविताने घ्यायचं ठरलं, आणि पहिल्या दहा-बारा दिवसांत चार ब्लाऊज मुंढ्यात, म्हणजे काखेच्या गोलाईत, बिघडले. प्रयोग तिथेच गुंडाळला गेला असता. मग त्यातून वाट निघाली ती अशी: मापाचा ब्लाऊज घेऊन येणाऱ्या बायका कविताकडे, अंगावरचं माप लागणाऱ्या नव्या बायका दुपारी चार ते सातमध्ये ताईंकडे. दुकानातल्या बहुतेक बायका मापाचा ब्लाऊज आणणाऱ्याच होत्या. अंगावरचं माप कविता पुढे दोन-तीन महिन्यांत शिकली, पण शांतपणे, ताईंच्या शेजारी उभी राहून.

फोनचा प्रश्न जास्त अवघड होता. वीस वर्षांत ताईंचा खासगी नंबर अर्ध्या दादरकडे गेला होता. मी सुचवलं की तोच नंबर दुकानाला देऊन टाका, व्हॉट्सॲप बिझनेसवर चढवा, फोन रात्री दुकानातच ठेवा आणि स्वतःसाठी नवं सिम घ्या. ताईंना ते रुचलं नाही. "लोक माझ्या आवाजावर येतात. उद्या कविता बोलली तर म्हणतील, बाई मोठी झाली." काही दिवस यावर अडलं. शेवटी सर्वपित्रीच्या सुमारास, घटस्थापनेच्या तोंडावर, एका दिवसात इतके फोन आले की त्यांनी स्वतःच फोन कविताच्या हातात ठेवला आणि वर निघून गेल्या. संध्याकाळी खाली आल्या तेव्हा दहाच्या दहा घरांचं कटिंग झालं होतं.

व्हॉट्सॲप बिझनेसमधल्या फार थोड्या सोयी वापरल्या. नवं काम, शिवणात, तयार, पैसे बाकी अशी चार लेबलं. "आपलं काम अमुक तारखेला मिळेल" आणि "आपला ब्लाऊज तयार आहे, दुकान साडेदहा ते आठ, सोमवारी बंद" अशी तयार उत्तरं. रात्री आठनंतर आपोआप जाणारा निरोप. मुख्य नियम एवढाच की उशीर होणार असेल तर दोन दिवस आधी आपणच कळवायचं. बाईने विचारण्याआधी आपण सांगितलं तर ती चिडते, पण एकदाच.

जीएसटीचं काम मात्र डोक्यावरून थेट उतरवलं. कुणाच्या तरी सल्ल्याने ताईंनी स्वेच्छेने नोंदणी केली होती, जेव्हा त्यांची उलाढाल सेवेसाठी नोंदणी सक्तीची होते त्या 20 लाखांच्या मर्यादेच्या बरीच खाली होती. दर तिमाहीला दोन-तीन रात्री पावत्या जुळवण्यात जायच्या. सीएने कागद पाहून नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला. त्यात शिल्लक मालावर घेतलेली कराची वजावट (क्रेडिट) परत करावी लागते आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं विवरण भरावं लागतं. ते झालं आणि तो विषय मिटला.

काय घडलं

नवरात्र जेमतेम निभावलं. जुना ढीग आणि नवा बोर्ड दोन्ही एकदम चालू होते, शेवटच्या चार रंगांचे ब्लाऊज धावपळीतच गेले. दिवाळीच्या सुमारास ढीग सत्तरच्या खाली आला, आणि दिवसाला दहा नग बाहेर पडू लागले, तसा पावतीवरचा वायदा खरा ठरायला लागला. "झालं का?"च्या रेघा कविताने मधूनच एक आठवडा पुन्हा मोजल्या, त्या पहिल्या वेळच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या उरल्या होत्या. दुकान आठला बंद होतं. कारागिरांची दुपारची बेकारी संपल्याने पीसची कमाई वाढली, तरीही छठला गावी गेलेला एक कारागीर परत आला नाही. सूरतला जास्त मिळतं म्हणाला. दोघांवर महिनाभर भागवावं लागलं, आणि बोर्ड असल्यामुळे ते जमलं: दहाची सात घरं केली, तारखा आपोआप लांबल्या, कुणाला खोटं सांगावं लागलं नाही.

तोटेही झाले. पहिल्या दोन महिन्यांत नवं काम कमी झालं. पंधरा दिवस ऐकून काही जणी शेजारी गेल्या. एक जुन्या काकू, ज्यांचं काम ताई नेहमी मधेच घुसवून द्यायच्या, बोर्डाकडे बोट दाखवल्यावर रागावून गेल्या त्या परत आल्या नाहीत. मेधाताईंना याची अजून रुखरुख आहे. वर्षाची मिळकत मागच्या वर्षाएवढीच भरली, थोडीफार वरच. ज्यांनी कमाई वाढेल म्हणून हे वाचायला घेतलं असेल त्यांनी हे लक्षात घ्यावं.

घडी एकदाच पूर्ण विस्कटली, मे महिन्यात. नात्यातल्या एका लग्नाचे अठरा ब्लाऊज आणि चार नऊवाऱ्या ताईंनी घरी, जेवणाच्या ताटावर, बोर्ड न पाहता कबूल केल्या. घरांच्या हिशेबात ते तीस-पस्तीस घरांचं काम, म्हणजे चार दिवसांचं अख्खं दुकान. दहा दिवस पुन्हा साडेदहा वाजू लागले. त्यानंतर लग्नाच्या गठ्ठ्याला वेगळा नियम झाला: निम्मे पैसे आगाऊ, कापड पाच आठवडे आधी, आणि घरं एकदम अडवून ठेवायची.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात आषाढात व्हायला हवी होती. पितृपक्षाच्या पंधरवड्याने ढीग उपसायला वेळ दिला, पण कविताला माप शिकवायला दिला नाही, आणि ते चार बिघडलेले ब्लाऊज त्या घाईची किंमत आहेत. ज्यांचा धंदा सणांवर चालतो त्यांनी असा बदल मंदीतच करावा. अडचण अशी की मंदीत कुणाला गरज वाटत नाही.

कविताचा पगार पहिल्याच दिवशी वाढायला हवा होता. तारीख देणं, फोन, माप, चिडलेल्या बायका, हे सगळं तिच्या गळ्यात आलं आणि पगार जुनाच राहिला. डिसेंबरात तिने शेजारच्या शोरूममध्ये बोलणी केल्याचं कळलं, तेव्हा घाईघाईने दीडपट केला. मालकाचा भार हलका करताना तो बहुतेक वेळा एखाद्या मुलीच्या डोक्यावर जातो, आणि हिशेबात मात्र तो नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

बोर्ड लावण्याआधी कारागिरांना विचारलं गेलं नाही, हेही खटकतं. त्यांना वाटलं की आपल्यावर पाळत ठेवायला हे आणलंय. दोन-तीन आठवडे ते तिरकस बोलत राहिले. सलीमभाईंनी पुढे स्वतःच सुचवलं की एकाच रंगाच्या दोऱ्याचे ब्लाऊज एकाच दिवशी लावा, दोरा बदलायचा वेळ वाचतो. असं काही पहिल्या दिवशीही सुचलं असतं, विचारलं असतं तर.

अर्जंट कामाचे जास्त पैसे घ्यायला फेब्रुवारीपर्यंत थांबलो. रिकाम्या दोन घरांची किंमत तोवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती ओळखीच्यांना फुकट जात होती. आता अर्जंटला दीडपट दर आहे, आणि गंमत म्हणजे दर सांगितल्यावर निम्म्या अर्जंट कामांची निकड संपते.

कटिंग मास्टरचा प्रश्न सुटलेला नाही. कात्री अजून एकाच हातात आहे. गेल्या जानेवारीत मेधाताई तापाने तीन दिवस घरी होत्या आणि तीन दिवस तिन्ही मशिनी बंद होत्या. सध्या सलीमभाई साधं अस्तराचं कटिंग शिकतायत, आठवड्याला पाच-सहा नग, ओळखीच्या मापांवर. त्यांना पीसऐवजी अर्धा पगार द्यायचा की कटिंगचा वेगळा दर ठरवायचा, यावर येत्या आषाढात बसायचं ठरलं आहे.